शेजारची रिकामी खुर्ची

इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परस्पर विकणं हा गुन्हा आहे, असं सांगितलं की कोल्हापुरातली आमची मंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे ब्लॅकनं?" नाही हो, ब्लॅकनंच असं नाही. पन्नास पौंडांचं तिकीट पन्नासलाच, फार काय चाळीसलाच विकलं, तरी क्लबची परवानगी नसेल तर गुन्हाच. गंमत म्हणजे त्याच स्टेडियममध्ये उन्हाळ्यात एखाद्या गायकाचा कार्यक्रम असेल, तर त्याच्या तिकिटाला हा कायदा लागत नाही. हा मान फक्त फुटबॉलचा!

कायदा उगाच झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यातल्या मृतांचा आकडा आज 97 आहे. (दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे 2016 साली ज्युरीनं स्पष्ट सांगितलं, पण ते ऐकायला घरच्यांना सत्तावीस वर्षं थांबावं लागलं.) त्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी 1990 मध्ये अंतिम अहवाल दिला. प्रत्येकाला बसायला खुर्ची हवी ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली शिफारस. दुसरी तितकी गाजली नाही, ती तिकिटांच्या काळ्या बाजाराबद्दल. इथे दोन संघांचे प्रेक्षक वेगवेगळे बसवतात. ब्लॅकवाला पैसे मोजणाऱ्या कुणालाही तिकीट देतो, आणि मग भलत्याच रंगाचा मफलर भलत्याच स्टँडमध्ये येऊन बसतो. मारामारीला तेवढं पुरतं. म्हणून 1994 मध्ये कायदा आला आणि 2006 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली.

इथवर सगळं पटण्यासारखं आहे. माझी कुरकुर कायद्याबद्दल कमी आणि त्याच्या आडोशाला क्लबांनी जे नियमांचं जंगल वाढवलंय त्याबद्दल जास्त आहे.

मी इथे आलो तेव्हा सीझन तिकीट म्हणजे एक प्लॅस्टिकचं कार्ड असायचं. वर्षाचे एकोणीस घरचे सामने, खुर्ची ठरलेली. एखाद्या शनिवारी जमणार नसेल तर कार्ड मित्राच्या हातात द्यायचं, सोमवारी ते परत यायचं, सोबत कधी चॉकलेट यायचं. कागदावर तेव्हाही नियम असतीलच, पण फाटकावरचं यंत्र कार्ड बघायचं, तोंड नाही. कोरोनानंतर कार्ड गेलं आणि तिकीट फोनमध्ये शिरलं. आता तिकीट द्यायचं तर ते क्लबच्या ॲपमधून 'पाठवावं' लागतं. आणि पाठवण्याच्या अटी आमच्या क्लबच्या अशा: घेणारा क्लबचा पैसे भरलेला सभासद हवा; त्याचं नाव तुमच्या 'आप्त-मित्र' यादीत आधीपासून हवं; ती यादी सीझनच्या सुरुवातीलाच बंद होते; आणि वर्षभरात पाठवायचं तेही ठराविक वेळाच. सगळ्या क्लबांचे नियम सारखे नाहीत, पण थोड्याफार फरकानं हीच तऱ्हा बऱ्याच ठिकाणी आहे.

आता आप्पांची गोष्ट सांगतो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या एप्रिलमध्ये कोल्हापूरहून आमच्याकडे आले. वय बहात्तर. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे फुटबॉल टीव्हीतून आलेला नाही, तालमीतून आलाय. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ... संघांची नावंच अशी. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठाच्या पेठा उन्हात बसतात. आप्पांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मी पाच वर्षांचा असेन. तेव्हा आप्पांना इथला एक तरी सामना दाखवायचा हे माझं जुनं स्वप्न.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात. (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो, तोंडावर अर्थात नावानं.) ऐंशीच्या घरात, चौकड्याची टोपी, खिशात पेपरमिंट. जानेवारीत त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि जिने चढणं बंद झालं. मी फोन केला तेव्हा आप्पा येणार हे ऐकून ते स्वतःच म्हणाले, माझी खुर्ची आहे की, आण त्यांना. पैशांचं नाव काढायचं नाही, असा दम वर.

आणि मग आम्ही दोघं ॲपसमोर बसलो. आप्पा सभासद नाहीत. सभासद करावं तर त्या वर्षाची नोंदणी फेब्रुवारीतच बंद झालेली. आजोबांच्या यादीत नावं दोनच: ऑस्ट्रेलियाला गेलेला मुलगा आणि तीन वर्षांपूर्वी वारलेली बायको. ते नाव काढायला त्यांचं मन झालं नव्हतं, आणि आता काढायचं म्हटलं तरी यादी बंद. मी क्लबला दोनदा लिहिलं, एकदा तासभर फोन धरून बसलो. पलीकडची मुलगी फार सौजन्यानं बोलली, आणि तितक्याच सौजन्यानं नाही म्हणाली. आप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आरं, तिकीट हाय, मानूस हाय, खुर्ची हाय. मग आडतंय कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही.

आजोबा म्हणाले, माझा फोनच घेऊन जा. पण खुब्याची शस्त्रक्रिया झालेला, घरात एकटा राहणारा माणूस; त्याचा फोन दुपारभर आपल्या खिशात घेऊन फिरायचं? नको म्हटलं. शिवाय पकडलं गेलं तर तिकीट त्यांचंच रद्द. राहता राहिलं क्लबचं एक्स्चेंज, म्हणजे न लागणारं तिकीट क्लबलाच परत विकायचं. तिथे ते दुसरा सभासद घेतो आणि तुमच्या खात्यात एका सामन्याचे पैसे, थोडे कापून, जमा होतात. पण आम्ही दोन आठवडे क्लबशी पत्रव्यवहार करत बसलो होतो, तोवर एक्स्चेंजची मुदत संपली.

पुढची गंमत ऐका. सामना होता शनिवारी दुपारी तीनचा. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून हा जुना नियम. म्हणजे आप्पा कोल्हापुरातच असते, तर संध्याकाळी साडेसातला जेवता जेवता मोबाईलवर हा सामना बघू शकले असते. सात समुद्र ओलांडून मैदानापासून तीन मैलांवर आले, आणि आता मैदानातही जाता येईना, टीव्हीवरही दिसेना!

"तू जा की. मी काय पळून चाललोय?" असं म्हणून त्यांनी मला घालवलंच. ते स्वतः त्या दुपारी आजोबांच्या घरी गेले. दोघांनी रेडिओवर धावतं वर्णन ऐकलं. दोघांत मिळून शंभर शब्दही बोलून झाले नसतील. आप्पांचं इंग्रजी बेताचं, आजोबांची कानाची यंत्रं त्याहून बेताची. सामना एक-एक बरोबरीत सुटला. मी माझ्या खुर्चीवर होतो, शेजारची रिकामी होती. मैदानावर 'सर्व तिकिटं संपली' असं जाहीर झालं होतं.

मे महिन्यात आजोबांना ई-मेल आली. वर्षभरात त्यांच्या गैरहजेऱ्या फार झाल्या, तिकीट ना वापरलं ना कुणाला पाठवलं, तेव्हा पुन्हा असंच झालं तर खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला देण्यात येईल. त्या गैरहजेऱ्यांत आप्पांचा शनिवारही मोजलेला होता.

क्लबची बाजू मला कळत नाही असं नाही. ब्लॅकवाले आता कोपऱ्यावर उभे राहून कुजबुजत नाहीत. ते शेकडो खोट्या नावांनी सभासद होतात, संगणकाकरवी तिकिटं उचलतात आणि परदेशातून आलेल्या हौशी माणसाला चौपट-पाचपट भावानं विकतात. क्लब अशी हजारो खाती बंद केल्याचं सांगतात, आणि ते चांगलंच आहे. पण हे सगळं करून झाल्यावरही चौपट भावाची तिकिटं इंटरनेटवर मिळतातच. ज्याचा हा धंदा आहे, तो नियमांतली फट शोधायला दिवसभर मोकळा असतो. एकटे आजोबा मात्र नियमात पुरेपूर सापडतात.

फरक करता येतो हो. जर्मनीत 2008 साली हांबुर्गच्या क्लबचा असाच खटला वरच्या न्यायालयात गेला होता. विक्रीचा हेतू लपवून क्लबकडून तिकिटं उचलणाऱ्या व्यापाऱ्याला न्यायालयानं अडवलं. पण खाजगी माणसाकडून तिकीट घेण्याला मात्र सरसकट बंदी घातली नाही. म्हणजे धंदा वेगळा आणि साधा माणूस वेगळा, हे ओळखता येतं. इथल्या सरकारनंही नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की छापील किमतीपेक्षा जास्त भावानं तिकीट परत विकायला बंदी आणणार. भावावर खरंच लगाम बसला, तर यादी, मुदत, सभासदत्व यांच्या इतक्या बेड्या कशाला? घेणाऱ्याचं नाव-गाव नोंदवा, किंमत छापील ठेवा, आणि देऊ द्या की माणसाला आपली खुर्ची.

कारण प्रेक्षक असेच तयार होतात. आजोबा आठ वर्षांचे असताना काकाला बरं नव्हतं म्हणून त्याच्या जागी पहिल्यांदा मैदानात आले, आणि तेव्हापासून येतच राहिले. मला आप्पांनी नेलं. जाहिरात बघून कुणी सत्तर वर्षं एका संघाच्या मागे पावसात बसत नाही. कुणीतरी कुणाला तरी 'चल' म्हणालेलं असतं. आमच्या ॲपमध्ये 'चल' म्हणायची सोय नाही.

असो. फार लांबलं. आजोबांनी नवीन सीझनचं तिकीट घेतलंय, काठी टेकत टेकत येतात. त्यांच्या यादीत आता तीन नावं आहेत. तिसरं आप्पांचं. सभासदत्वाचे पैसे आजोबांनी परस्पर भरले, मला विचारलंसुद्धा नाही. बायकोचं नाव अजून तिथंच आहे. आप्पांचा व्हिसा एप्रिलपर्यंत होतो का, ते बघायचं.

तुमच्याकडे, तुमच्या खेळात काय तऱ्हा आहे? जरूर कळवा.