उधारीची फाइल

माझ्या लॅपटॉपवरचं टर्मिनल पाहून नवे सहकारी हमखास विचारतात, "हे सगळं तुम्ही केलंत?" हो म्हणायला जीभ रेटत नाही. डोळ्यांना न टोचणारे रंग, ठसठशीत अक्षरं, इतरांपेक्षा वेगळ्या जागी जाणारी बोटं, यातलं जवळजवळ काहीच माझं नाही. ज्यांच्याकडून हे आलं त्यांतल्या एकाच माणसाला मी प्रत्यक्ष भेटले. बाकीच्यांची फक्त नावं वाचली. त्या सगळ्यांचं देणं एकदा मांडून ठेवावं म्हणून लिहिते आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी संगणकाच्या खोलीत बसायला लागले तेव्हा एक्सटर्म नावाची खिडकी पहिल्यांदा पाहिली. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलगी. चष्म्याचा नंबर मोठा. त्या खिडकीतली अक्षरं मुंगीएवढी बारीक. इंग्रजी एल आणि एक, ओ आणि शून्य यांतला फरक कळायचा नाही. मी खुर्ची पुढे ओढून, मान वाकवून वाचायची. संध्याकाळी डोकं ठणकायचं. पण ही अक्षरं मोठी करता येत असतील हे मनातसुद्धा आलं नाही. यंत्र जसं समोर येतं तसं घ्यायचं, जमलं नाही तर आपणच कमी पडतो, अशी माझी पक्की समजूत होती.

तिथली यंत्रं सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते. सगळे त्यांना काका म्हणत. एकदा माझ्यामागून जाताना ते थांबले. "अगं, मान का मोडून घेतेस? अक्षरं मोठी कर की." मी नुसती बघत राहिले. त्यांनी कंट्रोल दाबून धरला आणि खिडकीत माउसचं उजवं बटण दाबलं. अक्षरांच्या आकारांची यादी उघडली: टायनी, स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज. त्यातच एक आकार होता, 'अनरीडेबल'. काका हसले. "हे नाव ज्यानं ठेवलं तो प्रामाणिक माणूस असणार."

मग त्यांनी माझ्या खात्यात डॉट-एक्सरिसोर्सेस नावाची एक फाइल उघडून दोन ओळी लिहिल्या. एकीत फॉण्टचं नाव, डेजाव्हू सॅन्स मोनो. दुसरीत आकार, 14. एक आज्ञा देऊन ती फाइल पुन्हा वाचायला लावली आणि नवी खिडकी उघडली. शून्याच्या पोटात खूण होती, त्यामुळे ते ओपेक्षा वेगळं दिसत होतं. माझ्या प्रोग्राममधल्या कितीतरी चुका मला तोवर सापडत नव्हत्या, कारण त्या दिसतच नव्हत्या. विषय माझ्या आवाक्यातला आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"पुढचं मला विचारू नकोस, मॅन्युअलला विचार," काका म्हणाले. तेव्हा ते जरा कठोर वाटलं. शब्दकोश शेजारी ठेवून एक्सटर्मचं लांबलचक मॅन्युअल वाचायला घेतलं. हा प्रोग्राम 1984 मध्ये मार्क व्हँडेव्हूर्ड यांनी लिहिला आणि 1996 पासून थॉमस डिकी तो सांभाळत आले आहेत, हे नंतर कळलं. इतकी वर्षं एकाच खिडकीची डागडुजी करत राहणारा, तिचा प्रत्येक कानाकोपरा लिहून ठेवणारा माणूस माझ्या शिक्षकांच्या यादीत आहे, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

त्या मॅन्युअलमधली एक ओळ अजून माझ्या फाइलमध्ये आहे. फाइलच्या पूर्ण पत्त्यावर दोनदा क्लिक केलं की फक्त एक तुकडा निवडला जायचा. मधल्या तिरप्या रेषेपाशी निवड थांबायची. उपाय होता, 45-47:48. आधी हा मंत्र वाटला. मग कोष्टकात पाहिलं. 45 म्हणजे जोडरेषा, 46 म्हणजे टिंब, 47 म्हणजे तिरपी रेषा, आणि 48 म्हणजे शून्याचा अंक. या तीन खुणांना आकड्या-अक्षरांच्या पंगतीत बसव, एवढंच ती ओळ सांगत होती. ती लिहिल्यावर दोन क्लिकमध्ये अख्खा पत्ता निवडला गेला. अवघड दिसणाऱ्या गोष्टीपुढे घाबरून उठायचं नाही, कोष्टक काढून बसायचं, ही सवय मला त्या ओळीनं लावली. पुढे नोकरीत ती पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

कळांचा धडाही काकांकडूनच मिळाला. एकदा खिडकी गोठली. काही टाइप केलं तरी ढिम्म. मी फाइल जतन करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलं होतं. काकांनी कंट्रोल-क्यू दाबलं आणि अडकलेलं सगळं धडाधड बाहेर आलं. त्यांनी तरुणपणी खऱ्या टर्मिनलवर काम केलं होतं, डेक कंपनीच्या व्हीटी मालिकेतल्या. त्यातला व्हीटी100 आला 1978 मध्ये, पडद्यावर 80 रकाने आणि 24 ओळी. आजच्या खिडक्या अजून त्याचीच नक्कल करतात.

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक पलीकडे जातो. एस एकोणिसावं, 19 म्हणजे 'थांब'. क्यू सतरावं, 17 म्हणजे 'चालू दे'. सी तिसरं, 3 म्हणजे चाललेलं काम मोडणं. म्हणून टर्मिनलमध्ये कॉपीसाठी शिफ्टची जोड द्यावी लागते. आय नववं, आणि 9 म्हणजेच टॅब. म्हणून कंट्रोल-आय आणि टॅब यांतला भेद पलीकडच्या प्रोग्रामला कळतच नाही. "आपल्याला आता थांबवायची गरज नाही," म्हणत त्यांनी सुरुवातीच्या फाइलमध्ये एसटीटीवायची एक आज्ञा घातली. कंट्रोल-एस मोकळं झालं. कंट्रोल-आरनं जुन्या आज्ञा मागे मागे शोधताना एखादी निसटून गेली, तर एसनं पुढे येता येऊ लागलं. नियम तोडायचा तर आधी तो कशासाठी होता ते समजून घ्यावं, हे काकांनी तोंडानं कधी सांगितलं नाही. त्यांची पद्धतच तशी होती.

रंगांचं ऋण एथन शूनोव्हर यांचं. काळ्यावर गडद निळ्या रंगात उमटणारी फोल्डरांची नावं मला वाचता येत नसत. दोष डोळ्यांचा असेल असं धरून चालले होते. पण पडद्यावरच्या उजेडाच्या हिशोबात निळ्याचा वाटा जेमतेम 7 टक्के असतो, हिरव्याचा 70 टक्क्यांहून जास्त. काळ्यावरचा निळा कुणालाच नीट दिसत नाही. शूनोव्हर यांनी 2011 मध्ये सोलराइज्ड ही 16 रंगांची मांडणी खुली केली. त्यातले उजळ-गडदपणाचे टप्पे मोजून-मापून ठरवलेले आहेत, त्यामुळे उजेडी आणि काळोखी अशा दोन्ही पार्श्वभूमींवर अक्षरं सारखीच उठून दिसतात. ते रंग घेतल्यापासून रात्रपाळीनंतरची डोकेदुखी कमी झाली.

नोकरीत काही वर्षं गेल्यावर डाव्या हाताची करंगळी आणि मनगट दुखू लागलं. कंट्रोलची कळ कोपऱ्यात, आणि माझं सगळं काम तिच्यावर. ए अक्षराशेजारी कॅप्सलॉक नुसता बसून होता. त्यालाच कंट्रोल करून टाकलं. मग वाचनात आलं की बिल जॉय यांनी व्हीआय हा संपादक ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर लिहिला, त्यावर कंट्रोल तिथेच होता, ए अक्षराच्या शेजारी. बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या कळांवर छापलेल्या होत्या, म्हणून व्हीआयमध्ये आजही त्याच कळांनी हलायचं. मी शोधून काढली असं वाटत होतं ती जागा 1976 मध्येच कुणीतरी ठरवून ठेवली होती. मनगटाचा त्रास उतरला, सोबत थोडी शेखीही उतरली.

पुढे मराठी मजकुरावर काम करायची वेळ आली आणि जुन्या खिडकीनं हात टेकले. टर्मिनल म्हणजे सारख्या चौकोनांची जाळी, एका चौकोनात एक अक्षर. आपली पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, दिसते त्याच्याआधी. जोडाक्षराला किती चौकोन द्यायचे याचं उत्तर त्या जाळीकडे नसतं. 'स्थिती' हा शब्द विस्कटून समोर यायचा. एमएलटर्म या बहुभाषी टर्मिनलनं मला त्यातून सोडवलं. ते लिहिणाऱ्यांनी देवनागरीसारख्या लिप्यांची दखल घेतली, नाहीतर माझं काम अडलं असतं.

आता रोजच्या कामाला किटी वापरते. ते लिहिलं कोविद गोयल यांनी. ई-पुस्तकांचं कॅलिबरही त्यांचंच. कळ दाबली की ती नेमकी कोणती, हे प्रोग्रामला स्पष्ट कळवण्याची एक पद्धत त्यांनी किटीसोबत घालून दिली. जे प्रोग्राम ती समजतात त्यांना कंट्रोल-आय आणि टॅब आता वेगवेगळे कळतात. हे मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चला, 9 नंबरचा घोळ मिटला म्हणायचा."

माझी सेटिंग्जची फाइल म्हणजे उधारीची वही आहे. प्रत्येक ओळीवर शेरा आहे, कुणाकडून आली त्याचा. नव्यानं आलेली मुलं ती अख्खी मागतात, तेव्हा मी देत नाही. आधी विचारते, नेमकं काय त्रास देतंय? डोळे, मनगट, की आणखी काही? त्याच्यापुरत्या दोन ओळी त्यांच्याच हातानं लिहायला लावते आणि मॅन्युअलचं पान दाखवते. काही जण खट्टू होतात. मीही झाले होते.