आज्याचा नारळ

हृदय हा खरे तर आमच्या खात्यातला विषय. वीस वर्षे मी वर्गात त्याच्याविषयी बोलत आलो आहे. कवितेतले हृदय भरून येते, द्रवते, फारच झाले तर भंगते. पण ते तुंबते असे म्हणणारा कवी मला भेटलेला नाही. ते ज्ञान मला आमच्या थोरल्या बंधूंच्या रक्ततपासणीच्या कागदाने दिले. एल्.डी.एल्. या बदनाम कोलेस्ट्रॉलचा आकडा तेथे १७८ होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि नारळ कमी करायला सांगितले.

मालवणच्या माणसाला हे सांगणे म्हणजे समुद्राला खारटपणा कमी कर म्हणण्यासारखेच! दादा कडाडले, "आज्यान जल्मभर नारळ खाल्ल्यान, नव्वद वर्षां जगलो. तेका खंय झाला कोलेस्ट्रॉल?" पुढे कोणीतरी फोनवर निरोप धाडला, की रोज अनशापोटी दोन चमचे खोबरेल प्यावे, हृदय ठणठणीत राहते. दादांनी गोळी बंद केली आणि चमचा सुरू केला. वहिनींचा फोन आला, आणि मी शनिवारची गाडी धरून गावी गेलो.

जाण्यापूर्वी थोडे वाचले होते. नारळात कोलेस्ट्रॉल मुळीच नसते. कोणत्याही वनस्पतीत ते नाममात्रच. ते बहुतांशी आपले यकृतच तयार करते. रक्तातले एल्.डी.एल्. टिपून घेणारी जणू दारे यकृताच्या पेशींवर असतात; त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त स्निग्धांश फार खाल्ला की ही दारे कमी होतात, आणि खोबरेलात तो शंभरात ऐंशीहून अधिक भाग असतो. सोळा प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला. इतर वनस्पतितेलांच्या तुलनेत खोबरेलाने एल्.डी.एल्. सुमारे दहा अंकांनी चढले होते. कोळंबीला मात्र आपण उगाच फार बोल लावला. तिच्यात कोलेस्ट्रॉल असते खरे, पण संपृक्त स्निग्धांश अगदी थोडा.

तरी दादांचा आजा खोटा नव्हता. पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवरचे लोक निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातूनच मिळवीत. १९८१ साली त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. नारळ कमी खाणाऱ्या पुकापुका बेटवासीयांपेक्षा त्यांचे कोलेस्ट्रॉल जास्त भरले, पण रक्तवाहिन्यांचे विकार दोन्हीकडे विरळाच. नारळाच्या जोडीला त्यांची मासळी होती, साखर आणि मीठ थोडे होते.

आमचा आजाही तसाच. पहाटे उकड्या तांदळाची पेज, दुपारी पेडव्यांचे किंवा बांगड्याचे तिखले, रात्री कुळथाची पिठी. या मासळीतले तेल रक्तातली ट्रायग्लिसराइड्स उतरवते. कुळथातला चोथा यकृताला कोलेस्ट्रॉल खर्च करायला लावतो. आणि नारळ? अकरा माणसांच्या कालवणाला एक! बाकीचे बाजारात जात, त्यावर घर चाले. आजा दिवसभर माडांना पाणी शिंपी आणि डोक्यावर भारा घेऊन घाटी चढे. दादा निवृत्त झाल्यापासून झोपाळ्यावरून माड पाहतात. वहिनींच्या घरी आता दोघांना अख्खा नारळ लागतो. वर फरसाण आणि बेकरीची खारी.

हे सगळे मी अगदी व्याख्यानाच्या थाटात सांगितले. दादा नुसते हसले. प्राध्यापकाचे घरात कोण ऐकतो? शेवटी मी म्हटले, "दादा, आज्याचा सांगलंस, बाबांचा काय?"

बाबा मुंबईला कारकून होते. एकसष्टाव्या वर्षी, ऑफिसातून आल्यावर चहाचा कप हातात असतानाच गेले. आज्याचा दाखला देताना मधली ही एक पिढी दादा नेमकी गाळत होते. दादांना येत्या फाल्गुनात साठावे लागणार होते.

झोपाळा थांबला. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांनी वहिनींना विचारले, "ती गोळी खंय ठेवलंस?"

तीन महिन्यांनी आकडा १०४ आला. खोबरेल आता डोक्याला लागते. कालवणाला अर्धी कवड पडते, उरलेला नारळ दुसऱ्या दिवशी. आणि दादा रोज संध्याकाळी बंदरापर्यंत चालत जातात, मासळीचे निमित्त काढून. त्यांच्या मते हा सारा गुण कुळथाच्या पिठीचा. वहिनी वाद घालत नाहीत. गोळ्यांची रिकामी पाकिटे तेवढी मोजून डब्यात ठेवतात.