बिनभाड्याची खेप

आमच्या घरात चाके आहेत, पण सहल नाही. बाबांचा टेंपो आहे. हंगामात पेणचे गणपती मुंबईकडे पोहोचवायचे आणि एरवी विटा, पोह्यांची पोती, मंडपाचे बांबू, जे मिळेल ते भाडे मारायचे. अलिबाग, महाड, रोहे ही गावे त्यांना पाठ आहेत. पण माल कुठल्या गल्लीत उतरवायचा एवढ्यापुरतीच. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ‘सुट्टीत कुठे गेली होतीस?’ असे मैत्रिणींनी विचारले, की मी आजोळचे नाव सांगून मोकळी होते.

यंदा इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअरच्या निमित्ताने एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्ड गावाचा विषय निघाला. तिकडे वसंत आला, की लोक ‘कॅम्पर व्हॅन’ घेऊन अशा नदीकाठच्या गावी दोन-चार दिवस जाऊन राहतात, असे सर म्हणाले. गाडीतच अंथरूण, गाडीतच शेगडी. वर्गाला मोठे नवल वाटले. मला वाटले नाही. गणपतीच्या दिवसांत बाबा कित्येक रात्री टेंपोतच निजतात आणि तिथेच स्टोव्हवर चहा करतात. फरक इतकाच, की ते कामासाठी जातात आणि ती माणसे काम टाकून जातात.

घरी हे सांगितले तेव्हा आई हसली. बाबा मात्र जेवता जेवता म्हणाले, “पाडवा झाला की दोन दिवस गाडी उभीच असते.”

आणि खरोखरच आम्ही निघालो. हौद्यात मूर्तींसाठी ठेवलेला पेंढा पसरला, त्यावर सतरंजी घातली, वर ताडपत्री बांधली. आई, मी आणि धाकटा भाऊ बाबांच्या शेजारी केबिनमध्ये दाटीवाटीने बसलो. वडखळ गेले, नागोठणे गेले, भिसे खिंड लागली. झाडांना कोवळी तांबूस पालवी फुटली होती. बाबांचे डोळे मात्र सवयीने प्रत्येक वखारीकडे वळत होते. “रिकामी गाडी पळवायची म्हणजे नुसतं डिझेल जाळायचं,” ते दोनदा म्हणाले.

कुंडलिकेच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला अष्टमी. चिंतामणराव देशमुखांचे बालपण याच रोह्यात गेले. पुढे ते कॅम नदीकाठच्या केंब्रिजला शिकले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मी हे उत्साहाने सांगितले. बाबा म्हणाले, “त्यांच्या गावात मी वीस वर्षं येतोय. मला फक्त सिमेंटचं गोदाम ठाऊक.”

बाजारातून भाजी घेऊन आम्ही कोलाडच्या वाटेवर नदीकाठी एका आंब्याखाली गाडी उभी केली. आई पाण्यात पाय सोडून बसली ती उठेचना. आम्ही खारेपाटातली माणसे. आमच्याकडे चैत्र म्हणजे हंड्यांची रांग. “या दिवसांत एवढं पाणी येतं कुठून गो?” तिने विचारले.

हे मला ठाऊक होते. सह्याद्रीच्या पलीकडे मुळा नदी मुळशीला अडवली आहे. ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात आणतात, त्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत येते. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. त्या धरणात जमिनी बुडणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. तरी धरण झाले.

बाबा थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. “म्हणजे हीसुद्धा खेप मारूनच आलीय,” ते म्हणाले. आईने पाण्यातून पाय काढले नाहीत, पण ती बोलायची थांबली.

रात्री आईने स्टोव्हवर पिठले आणि भात केला. दूर धाटावच्या कारखान्यांचे रात्रपाळीचे दिवे दिसत होते. बाबा पेंढ्यावर आडवे झाले, पण दर तासाला उठून टायरभोवती फेरी मारत होते. निवांत झोपण्याचीही सवय लागावी लागते, हे मला त्या रात्री कळले. पहाटे कधीतरी ते घोरू लागले आणि ऊन तोंडावर येईपर्यंत उठले नाहीत. बाबांना असे उन्हात झोपलेले मी आजवर पाहिले नव्हते. भावाला गप्प बसवून आईही नुसती बसून राहिली.

दुपारी परत निघताना रोह्याच्या नाक्यावर एका ओळखीच्या दुकानदाराने हात केला. पेणला न्यायची वीस पोती होती. परतीचे भाडे म्हणजे आमच्या धंद्यात लक्ष्मीच. आई लगेच भावाला मांडीवर घेऊन सरकू लागली, जणू पोती केबिनमध्येच यायची होती. बाबांनी मागे वळून हौद्याकडे पाहिले. तिथे सतरंजी होती, स्टोव्ह होता, भावाने गोळा केलेले नदीतले गोटे होते.

“आज नाही जमणार शेठ,” ते म्हणाले, “गाडी भरलेली आहे.”

बाबांची एक वही आहे. तीत प्रत्येक खेपेपुढे भाड्याचा आकडा असतो. त्या दिवसाच्या ओळीत ‘रोहे, घरची माणसे’ एवढेच लिहिले आहे आणि पुढे डिझेलचा खर्च. पुढच्या चैत्रात अशी आणखी एक ओळ यावी, असे आईला वाटते. मी शिकवणीच्या पैशांतून डिझेलपुरते बाजूला टाकू लागले आहे.