फिलाडेल्फिया, जाण्यापूर्वी

इंग्रजीच्या तीन महिन्यांच्या अभ्यासवर्गासाठी मी येत्या जानेवारीत यवतमाळहून फिलाडेल्फियाला जाणार आहे. नकाशावरून हे शहर चटकन कळते, कारण ते आखूनच वसवलेले आहे. विल्यम पेनच्या १६८२ च्या आराखड्यात डेलावेअर आणि स्कूलकिल या नद्यांच्या मध्ये रस्ते काटकोनात छेदतात. उत्तर-दक्षिण रस्त्यांना क्रमांक. आडव्या रस्त्यांपैकी कित्येकांना चेस्टनट, वॉलनट, पाइन अशी झाडांची नावे. एका संध्याकाळी हे सारे पाठ झाले. पण आईचा प्रश्न नकाशाने सुटणारा नव्हता : "तिकडे थंडी किती राहते?" पंचेचाळीस अंशांचा मे महिना सोसणाऱ्या घरात तो स्वाभाविकच, शिवाय तिने 'आनंदी गोपाळ' वाचलेली आहे.

मित्रहो, म्हणून मी १८८३ च्या फिलाडेल्फियापासून सुरुवात केली.

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण 'पहिली महिला डॉक्टर' एवढ्या एका ओळीत संपवतो. त्यांनी अमेरिका आधी कशी जाणून घेतली, हे मला अधिक मोलाचे वाटते. न्यू जर्सीतील रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी १८८० पासून त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. जून १८८३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा परक्या देशात त्यांचे एक माहेर तयार होते. शहर मात्र त्या थंडीसह त्यांच्या वाट्याला आले. थंडी आणि परका आहार यांनी प्रकृती ढासळत गेली, क्षय जडला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आईला मी हे सारे सांगितले. लोकरीचे कपडे तिने दुसऱ्याच दिवशी काढून ठेवले.

आजच्या प्रत्येक चित्रात सिटी हॉलच्या शिखरावर पेनचा पुतळा दिसतो. तो तिथे चढला १८९४ मध्ये. १८७१ मध्ये सुरू झालेली ती वास्तू आनंदीबाईंच्या काळात अपुरीच होती. त्यांचे महिला वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १८५०, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होते. १० ऑक्टोबर १८८५ च्या एका छायाचित्रात त्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबत, तिघी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. इंग्रजी तिघींचीही मातृभाषा नव्हती.

११ मार्च १८८६ च्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. त्यांनी अमेरिकेवर लिहिलेले मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आरंभच लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या सागरप्रवासाने होतो. माझ्या हाती हे शहर आधी मराठीतून आले, ते असे.

महाविद्यालय १९३० मध्ये ईस्ट फॉल्सला हलले. ते छायाचित्र आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ते पाहता येईल का, असे विचारणारे पत्र मी गेल्या आठवड्यात धाडले; इंग्रजीत लिहिलेले माझे पहिलेच औपचारिक पत्र. उत्तराची वाट पाहतो आहे.