गडबचे पटांगण

पेणहून वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालात, की गडब लागते. हा खारेपाट, पलीकडे धरमतरची खाडी, अलीकडे भाताची खाचरे. गावच्या पटांगणात घटकाभर बसा. पोरे कबड्डी खेळतात, वडीलधारी गप्पा मारतात. या गप्पा रिकाम्या नव्हेत. उधाणात बांधाला खांड पडली, तर खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते. ‘पनवेल-३’सारखे खार सोसणारे भातही त्यापुढे टिकत नाही. १९७९ चा खारभूमी विकास कायदा आहे, खाते आहे. पण बांधातले खेकड्याचे बीळ प्रथम दिसते ते रोज तेथून जाणाऱ्यालाच. तो ते संध्याकाळी पटांगणात सांगतो. म्हणून आपल्या गावचे पटांगण मोकळे राखा. एकत्र बसणारे गावच वेळेवर बांधावर पोचते.