तांब्याची प्लेट

अंगानं बेतशीर: उंची साधारण २१ सेंटीमीटर, रुंदी २८. पण हॉलंडचं अख्खं शिवार, वरचं वादळी आभाळ धरून, तिच्यात मावलं. १६४३ साली रेम्ब्राँनं 'तीन झाडं' हे निसर्गचित्र जिच्यावर उतरवलं, ती ही तांब्याची प्लेट. कौतुक सगळं कागदावरच्या ठशांचं होतं. चित्राचा स्वभाव मात्र हिच्याकडून आलेला.

आणि हिचा स्वभाव खाष्ट. पडलेली रेघ काढायची तर पात्यानं खरवडा, घासून गुळगुळीत करा, तरी खळगा उरलाच तर पाठीमागून हातोडीनं ठोकून वर आणा. उसनं नेलेलं वाटीभर पीठ वर्षानुवर्षं न विसरणाऱ्या शेजारणीची ही बहीण. 'तीन झाडं'च्या आभाळात आधीच्या एखाद्या सोडून दिलेल्या चित्राच्या खुणा आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात. हिचा स्वभाव पाहता मला ते पटतं.

सुई तिच्या अंगावरचा मेणाचा थर तेवढा उघडते. खरं कोरकाम आम्लाचं. ते जितकं जास्त चावेल तितकी रेघ खोल, आणि खोल तितकी काळी. रेम्ब्राँचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यानं सुई थेट तांब्यातही ओढली. अशा रेघेच्या काठाला तांब्याची बारीक कड उठते, ती शाई धरते आणि काळोख मखमली होतो. पण दर छपाईला प्रेसच्या दाबाखाली ही कड चेपत जाते. म्हणून पहिल्या काही ठशांना जो भाव, तो नंतरच्यांना नाही.

शिवाय उलटी. कागदावर उजवीकडे उभी असलेली झाडं हिच्यावर डावीकडे. पाऊस तर पट्टी लावून ओढल्यासारखा, सरळ तिरप्या रेघांचा. कुणाला तो कोरडा वाटेल, मला मात्र तिथंच तांब्याचा कणखरपणा दिसतो.

त्या शिवारात माणसंही आहेत. कागदावर डावीकडे पाण्याकाठी गळ टाकलेला एकजण, टेकाडावरून चाललेली गाडी, तिथंच भलतीकडे तोंड करून चित्र काढणारा कुणीतरी. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, झुडपाच्या गचपणात, एक प्रेमी जोडपं. सगळ्यात दाट रेघा प्लेटनं त्यांच्या वाट्याला दिल्यात. बोट ठेवून दाखवल्याशिवाय बहुतेकांना ते सापडत नाही.