आमचे डॉक्टर

गेल्या महिन्यात लोअर परळच्या आमच्या डॉक्टरांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा दवाखान्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. स्मशानभूमीत भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले आणि कार्यकर्त्यांनी मला दोन शब्द बोलायला पुढे केले. शोकसभेत एरवी मी बोलतो. त्या दिवशी शब्द फुटेना.

एवढेच सांगितले. माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात. खोकला, दम. गिरणीत सांगत, विड्या कमी ओढा. वडिलांनी विडी कधी ओढली नाही! डॉक्टरांनी मात्र विचारले, "सोमवारी जास्त दम लागतो का हो?" सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही कापसाच्या धुळीच्या रोगाची खूण. त्यांनी तसे कागदावर लिहून दिले. आईने तो कागद अजून जपला आहे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. धूळ थांबली, वडिलांचा दम थोडा कमी झाला. पण चूलही थंडावली. आई घरची बाटली घेऊन दवाखान्यात जाई. लाल औषध, वर खाचांची कागदी पट्टी, आणि वहीत नाव. पुढे मी बी.कॉम. झालो, तेव्हा ती वही मागून पाहिली (कारकुनाची खोड). संपाच्या पानांवर नावे होती, आकडे नव्हते.

बोलून खाली आलो. गिरणीतले एक म्हातारे काठी टेकत जवळ आले.

"माझं नाव हाय का रं त्या वहीत?"

"आहे, काका."

त्यांनी चितेकडे वळून हात जोडले.